विशेष मुलांच्या गुरुजींची शाळा

अंबाजोगाई हे नाव उच्चारले की मराठी वाचकाला आधी मुकुंदराज आठवतात, मग दासोपंत, मग योगेश्वरी. निजामाच्या राज्यात मोमिनाबाद म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ह्या गावात हिप्परग्याहून आलेल्या स्वामी रामानंद तीर्थांनी शाळा चालविली, हेही मराठवाड्यातील जुन्या पिढीला ठाऊक आहे. शिक्षकवर्गाखेरीज इतरांना सहसा माहीत नसते ती गोष्ट अशी की, जिल्ह्याचे मुख्य ठिकाण बीड असले तरी जिल्ह्याची शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजे शिक्षकांच्या तोंडचे ‘डायट’, अंबाजोगाईस आहे. आष्टी-पाटोद्याच्या डोंगरपट्ट्यातील गुरुजी असोत की माजलगावच्या काळ्या रानातील बाई, नोकरीत आल्यावर त्यांना जे काही शिक्षण मिळते त्याची सूत्रे बव्हंशी ह्या गावातून हलतात.

एका वर्गात पस्तीस-चाळीस मुले असतात. त्यांत एकाला कमी ऐकू येते, एकीला फळ्यावरचे दिसत नाही, एकाची नजर अक्षरावर ठरत नाही, आणि एखादे मूल वर्गात असूनही वर्गात नसते. कायदा आज म्हणतो की ही सारी मुले ह्याच वर्गात बसतील. ती बसतातही. परंतु त्यांना कसे शिकवावे हे गुरुजींना कोणी शिकविले? ह्या एका प्रश्नाचा इतिहास आम्ही येथे मांडू इच्छितो. तो अंबाजोगाईत सुरू होत नाही. तो सुरू होतो पॅरिस शहरात, एका धर्मगुरूच्या घरी.

शार्ल-मिशेल द लेपे (१७१२ ते १७८९) हे ते धर्मगुरू. दोन बहिऱ्या बहिणींची आणि त्यांची गाठ पडली. त्या मुलींना पूर्वी चित्रांच्या आधारे धर्मशिक्षण देणारे धर्मगुरू वारले होते आणि पुढे शिकविणारा कोणी उरला नव्हता. ह्या मुली ईश्वराची ओळख न होताच आयुष्य काढतील, ही चिंता द लेपे ह्यांना लागून राहिली. बहिणी एकमेकींशी हातांनी बोलत. द लेपे ह्यांनी त्यांना बोलके करण्याचा अट्टाहास धरला नाही. उलट ते स्वतः त्यांच्या खुणा शिकले, आणि त्या खुणांवरून फ्रेंच भाषेपर्यंत त्यांना घेऊन गेले. शिक्षणशास्त्राच्या ग्रंथांत ह्या घटनेचे नाना अर्थ लावले जातात. आम्हांला त्यातली साधी गोष्ट महत्त्वाची वाटते: आधी गुरू शिष्य झाला.

१७६० च्या सुमारास त्यांच्या घरातच शाळा भरू लागली. शुल्क नव्हते. पण त्यांचे मोठे काम शाळेपलीकडचे आहे. आपली पद्धत त्यांनी गुपित ठेवली नाही. त्या काळी बहिऱ्या मुलांना शिकविणारे काही खासगी शिक्षक आपली विद्या घराण्याच्या औषधासारखी जपून ठेवीत. द लेपे ह्यांनी लोकांसमोर पाठ घेतले आणि परमुलुखांतून येणाऱ्या शिक्षकांना शिकविले. बोर्दोच्या आर्चबिशपांनी सिकार नावाच्या धर्मगुरूंना ह्याच कामासाठी पॅरिसला पाठविले. ते शिकून परतले आणि १७८६ साली बोर्दोची शाळा उघडली. आधी शिक्षक घडविला, मग इमारतीस हात घातला. हा क्रम वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे आपल्याकडे तो बहुधा उलटाच झालेला दिसेल. १८१६ मध्ये अमेरिकेचे गॅलॉडेट ह्यांनीही पॅरिसलाच धडे घेतले आणि परतताना लोरां क्लेर ह्या बहिऱ्या शिक्षकाला सोबत नेले. दुसऱ्या वर्षी हार्टफर्ड येथे त्यांची शाळा निघाली.

प्रशिक्षणाचा इतिहास हा केवळ पुण्यकर्मांचा इतिहास नव्हे, हेही सांगितले पाहिजे. १८८० साली मिलान येथे बहिऱ्यांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. जुलिओ तारा हे तिचे अध्यक्ष, तेही धर्मगुरूच. मुलांना ओठ वाचून बोलायलाच शिकवावे, हातांच्या खुणा वर्गातून हद्दपार कराव्यात, असा ठराव तेथे झाला. मतदान करणारे जवळजवळ सारे ऐकू येणारे होते. ह्या ठरावानंतर देशोदेशी शिक्षक ‘तोंडी’ पद्धतीत तयार होऊ लागले, बहिऱ्या शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या, आणि खुणा करणाऱ्या मुलांचे हात दाबून धरले गेले. शिक्षक अप्रशिक्षित होते म्हणून हे घडले नाही. ते उत्तम प्रशिक्षित होते, म्हणूनच इतक्या निष्ठेने घडले. ज्या परिषदेच्या परंपरेत हा ठराव झाला होता, तिने तो २०१० साली व्हँकुव्हर येथे नाकारला आणि खेद व्यक्त केला. मधे एकशे तीस वर्षे गेली.

मिलानला पाच वर्षे होतात तोच, १८८५ साली, मुंबईत कर्णबधिरांची शाळा उघडली. ती भारतातील पहिली मानली जाते. तिचे संस्थापक म्हणजे मुंबईचे व्हिकर अपॉस्टोलिक बिशप लिओ म्युरिन, जर्मनीहून आलेले येशूसंघीय. त्यांच्याच कारकिर्दीत, १८६९ मध्ये, सेंट झेवियर्स महाविद्यालय सुरू झाले होते. महाविद्यालयाचे नाव आज घरोघरी आहे. माझगावच्या त्या शाळेचे नाव आमच्याच लोकांना आठवून सांगावे लागते. वॉल्श नावाचे गृहस्थ तिचे पहिले मुख्याध्यापक झाले. तेही बाहेरून आलेले. अल्पावधीतच म्युरिन ह्यांची बदली मॉरिशसला झाली आणि १८९५ साली तेथेच ते देवाघरी गेले. शाळा मात्र टिकली.

मुंबईत दुसरे बीज पडले ते दुष्काळात. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळात अनाथ झालेल्या मुलांत काही अंध होती. अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड ह्यांनी १९०० साली त्यांच्यासाठी शाळा काढली. आमचे प्रोटेस्टंट बंधुभगिनी ह्या कामात कोठेही मागे नव्हते, किंबहुना अंधांच्या बाबतीत ते पुढेच होते. १८८७ साली अमृतसरला ॲनी शार्प ह्यांनी अंधांची शाळा सुरू केली होती. तिकडे कलकत्त्याच्या कर्णबधिर शाळेचे (१८९३) एक संस्थापक जामिनीनाथ बॅनर्जी स्वतः समुद्रापार गेले, इंग्लंड-अमेरिकेत शिक्षण घेतले आणि परत येऊन वर्गावर उभे राहिले. बोर्दोचा क्रम भारतात कोणी पाळला असेल तर तो त्यांनी.

पुढील पन्नास वर्षांचा वृत्तांत लांबवीत नाही. पुण्यात १९३४ साली डॉ. शंकरराव माचवे ह्यांनी अंधशाळा काढली. १९४४ मध्ये मुंबईच्या वकील दांपत्याने, हॉर्मसजी आणि जय ह्यांनी, आपल्या डीना ह्या मुलीच्या निमित्ताने बौद्धिकदृष्ट्या मंद गणल्या जाणाऱ्या मुलांसाठी शाळा उघडली. १९५१ साली देशातील भाषांसाठी भारती ब्रेल ही एकच लिपी ठरली. तोवर निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळे ठिपके चालत आणि एका शाळेचा शिक्षक दुसरीकडे निरक्षर ठरे. १९७२ मध्ये डॉ. मिठू अलूर ह्यांनी मेंदूच्या पक्षाघाताच्या मुलांसाठी मुंबईत केंद्र सुरू केले. जवळजवळ प्रत्येक संस्थेच्या मुळाशी एखादी आई, एखादा बाप किंवा एखादा मिशनरी आहे. सरकार नंतर आले.

सरकार आले तेव्हा मात्र भक्कम पायावर आले, हे मान्य केले पाहिजे. १९८३ साली वांद्र्यात अली यावर जंग ह्यांच्या नावाची कर्णबधिरांसाठीची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली आणि १९८४ मध्ये सिकंदराबादला बौद्धिक अक्षमतेसाठीची. ह्या संस्थांच्या पदविका घेतलेल्या तरुण-तरुणी विशेष शाळांतून शिकवू लागल्या. १९९२ साली संसदेने भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा केला. तो १९९३ च्या जून महिन्यात अंमलात आला. विशेष शिक्षकाचा अभ्यासक्रम कोणता, तो कोठे शिकवावा, शिकलेल्याची नोंद कोठे व्हावी, हे सारे त्यामुळे ठरले. दया आहे म्हणून कोणीही शिकवावे, हा काळ संपला. हे फार मोठे काम झाले.

आणि येथेच गाडी दोन रुळांवर गेली. त्याच १९९३ साली सर्वसाधारण शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेचा वेगळा कायदा झाला. विशेष शिक्षक समाजकल्याण पाहणाऱ्या मंत्रालयाकडे, साधा शिक्षक शिक्षण मंत्रालयाकडे. महाराष्ट्रातही विशेष शाळा समाजकल्याण खात्याकडे, आणि २०२२ च्या डिसेंबरपासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागाकडे. जिल्हा परिषदेची शाळा शिक्षण खात्याकडे. घर एक आणि चुली दोन. एका चुलीवर शिजणारे ज्ञान दुसऱ्या चुलीवरच्या स्वयंपाक्याला चाखायलाही मिळेना. बहिऱ्या मुलाशी कसे बोलावे हे ज्याला ठाऊक तो तालुक्याच्या विशेष शाळेत, आणि बहिरे मूल बसलेले गावच्या शाळेत.

ही अडचण कोणाच्या लक्षात आलीच नव्हती असे नाही. कोठारी आयोगाने (१९६४-६६) अशा मुलांना शक्य तेथे साध्या शाळांत सामावून घेण्याची शिफारस केली होती. १९७४ साली केंद्राने एकात्म शिक्षणाची योजना काढली. आमच्या मते सर्वांत शहाणा प्रयोग १९८७ चा. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने युनिसेफच्या साहाय्याने काही राज्यांत एकेक गट निवडला. त्यांत महाराष्ट्रही होता. प्रशिक्षणाचे तीन थर ठरविले. गटातील प्रत्येक शिक्षकाला एक आठवडा. त्यांतील दहा टक्क्यांना सहा आठवडे. आणि मोजक्या शिक्षकांना पूर्ण वर्ष, तेही एकाच अपंगत्वाचे नव्हे तर अनेक प्रकारांचे. म्हणजे ज्ञान एका तज्ज्ञाच्या पेटीत बंद राहणार नाही. प्रत्येक शाळेत कोणाला तरी थोडे कळेल, आणि जवळच कोणाला तरी पुष्कळ कळेल. नेमक्या त्याच काळात, १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार, जिल्ह्या-जिल्ह्यांत डायट स्थापन करण्याची योजना आली. हा प्रयोग आणि ही संस्था ह्यांची गाठ घट्ट बांधली गेली असती तर आज हा लेख लिहिण्याचे कारण उरले नसते. प्रयोग प्रयोगच राहिला. डायट राहिली, मधल्या काळात, २०१६ पासून काही वर्षे, तिचे नाव बदलून इतके लांबलचक झाले की पाटीवर मावणे कठीण व्हावे, आणि मग जुने नाव परत आले.

२००१ नंतर सर्व शिक्षा अभियानात ‘एकही मूल नाकारायचे नाही’ हे तत्त्व आले. तालुक्याच्या गट साधन केंद्रात कंत्राटी विशेष शिक्षक नेमले गेले. ते दुचाकीवरून शाळाशाळांना भेटी देत. साध्या शिक्षकांसाठी मात्र प्रशिक्षण आले ते दोन-तीन दिवसांचे. राज्यात काहींना शिकवायचे, त्यांनी जिल्ह्यात शिकवायचे, जिल्ह्याने तालुक्यात आणि तालुक्याने केंद्रात. ताकात पाणी घालावे, त्यात आणखी पाणी घालावे, तसे शेवटच्या शाळेपर्यंत पोचताना त्यात दह्याची आठवण तेवढी उरते. २०२० नंतर हेच प्रशिक्षण मोबाइलवर आले. चित्रफीत पाहावी, प्रश्नांची उत्तरे टिचकी मारून द्यावीत, प्रमाणपत्र उतरवून घ्यावे. सोय झाली हे खरे. परंतु आकडी आलेल्या मुलाला कुशीवर कसे वळवावे हे टिचकी मारून येत नाही.

आकडीचे उदाहरण आम्ही मुद्दाम घेतले. गावात अजूनही आकडी आली की नाकाला कांदा किंवा चप्पल लावतात, दातांत चमचा घालतात. शाळेत असे घडते तेव्हा सर्वांत आधी धावतात पोषण आहार शिजविणाऱ्या बाई किंवा शिपाई. मुलीला स्वच्छतागृहात नेणे, चाकाची खुर्ची उंबऱ्यावरून उचलणे, घास भरविणे ही कामेही त्यांच्याकडेच येतात. त्यांचे प्रशिक्षण कोणत्याच परिषदेच्या कक्षेत येत नाही. शाळेतील कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण म्हणताना आपण खडू धरणाऱ्यांपाशीच थांबतो.

खडू धरणाऱ्याला शिकवायचे तरी काय असते? आम्ही ह्या विषयातील जाणत्या भगिनींकडून ऐकले ते थोडक्यात सांगतो. फळ्याकडे तोंड करून बोलू नये. ज्याला ओठ पाहून कळते त्याला पाठ पाहून कळणार नाही. ओरडू नये, ओरडल्याने ओठ वेडेवाकडे होतात. कमी दिसणाऱ्या मुलीला नुसते पुढे बसवून भागत नाही. खिडकीचा उजेड तिच्या डोळ्यांवर येतो की वहीवर, हे पाहावे. ज्याला वाचता येत नाही त्याला आधी तोंडी विचारावे. उत्तर बरोबर आले तर दोष बुद्धीत नाही, हे तिथेच कळते. ह्यातले एकही काम खर्चाचे नाही. ते कोणीतरी समोर उभे राहून दाखवावे लागते, आणि महिन्याभराने येऊन पुन्हा पाहावे लागते, इतकेच.

बीड जिल्ह्यात ह्याला आणखी दोन पदर आहेत. एक भाषेचा. तांड्यावरून आलेले बंजारा मूल घरी गोरमाटी बोलते. पहिलीत ते गप्प बसले की ‘मंद’ असा शिक्का बसायला वेळ लागत नाही. भाषा वेगळी असणे आणि समज कमी असणे ह्यांतील भेद ओळखणे हे प्रशिक्षणाचे पहिले काम असायला हवे. उलटही होते: खरोखर कमी ऐकू येणारे मूल ‘घरची भाषा वेगळी’ म्हणून दोन वर्षे तसेच सोडले जाते.

दुसरा पदर ऊसतोडीचा. दिवाळीच्या आसपास ह्या जिल्ह्यातून लक्षावधी माणसे पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडे जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. धडधाकट मूल आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहू शकते. जे स्वतः जेवू शकत नाही, ज्याला रात्री आकडी येते, ते मूल कोणाच्या स्वाधीन करणार? ते बहुधा आईबरोबर फडावर जाते आणि पाचटाच्या खोपीत दिवस काढते. शाळेत जूनमध्ये तपासणी होते, शिबिर होते, श्रवणयंत्र मिळते. नोव्हेंबरात मूल गावात नसते. यंत्राची बॅटरी संपली तर फडावर ती मिळत नाही. मार्च-एप्रिलमध्ये ते परत येते तेव्हा शिक्षकाने शिकविलेले, आणि शिक्षकाला शिकविलेले, दोन्ही मधे तुटलेले असते.

शब्दांचाही इतिहास आहे. ‘मूकबधिर’ जाऊन ‘कर्णबधिर’ आले, ‘मतिमंद’ जाऊन ‘बौद्धिक अक्षम’, ‘अपंग’ जाऊन ‘दिव्यांग’. शब्द बदलले ते बरेच झाले. मराठवाड्यातील जुन्या शिक्षकाच्या डोळ्यांपुढे ‘अपंग’ म्हणताच पोलिओचा पाय यायचा. त्या मुलाला पायरीऐवजी उतार लागे, वेगळी शिकवणी नव्हे. पोलिओ गेला, २०१४ साली भारत पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला. आता वर्गात दिसतात ती स्वमग्न मुले, वाचनात अडखळणारी मुले. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या कायद्यात एकवीस झाले. उताराने भागणारे प्रकार त्यांत थोडे आहेत. अध्ययन अक्षम मुलांना परीक्षेत सवलती देण्याचा निर्णय महाराष्ट्राने १९९६ मध्येच घेतला होता. पण ज्या चाचण्यांवरून ती अक्षमता ठरते त्या करणारे जाणकार मुंबई-पुण्यात होते. केज-वडवणीच्या मुलाला सवलत कागदावरच राहिली.

सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑक्टोबर २०२१ रोजी ह्या प्रश्नावर निकाल दिला. त्यापाठोपाठ सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्राने प्रमाण ठरविले: पहिली ते पाचवीत अशा दहा मुलांमागे आणि सहावी ते आठवीत पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक. महाराष्ट्राने ऑक्टोबर २०२४ मध्ये शाळांच्या प्रत्येक केंद्रामागे एक ह्या हिशेबाने ४८६० पदांना मान्यता दिली आणि वर्षानुवर्षे कंत्राटावर राबलेल्यांना त्यांत घेण्याचा मार्ग खुला केला. ७ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने राज्यांना पदे जाहीर करण्याविषयी पुन्हा बजावले. ह्या शिक्षकांना स्थैर्य मिळावे हे न्यायाचेच आहे. आमची शंका वेगळी आहे. एका केंद्राखाली दहा-बारा शाळा येतात. विशेष शिक्षक एका शाळेत महिन्यातून दोन-तीन दिवस पोचेल. उरलेले दिवस मूल वर्गशिक्षकाचेच असते. ‘ते विशेष शिक्षकाचे मूल’ असे एकदा वर्गात म्हटले जाऊ लागले की तज्ज्ञाची नेमणूक हीच वर्गशिक्षकाची सुटका ठरते. १९८७ च्या तीन थरांपैकी वरचा थर आपण आता बांधला. खालचा, प्रत्येक शिक्षकाच्या एका आठवड्याचा थर, अद्याप ताकातच आहे.

ही सारी चर्चा सरकारी शाळांची झाली. औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ साली स्थापन झाल्यापासून मराठवाड्यात आमच्या धर्मभगिनींनी आणि धर्मगुरूंनी शाळा काढल्या, वसतिगृहे काढली. त्या ४८६० पदांतील शिक्षक आमच्या विनाअनुदानित शाळांत येणार नाही. तो आम्हांलाच घडवावा लागेल आणि त्याचे वेतन शाळेच्या शुल्कातून उभे करावे लागेल. पालकसभेत हा विषय निघाला की काही पालक विचारतात, इतरांच्या मुलांसाठी आमच्या शुल्कात वाढ का? प्रश्न रास्त नाही असे आम्ही म्हणणार नाही. हिशेब त्यांच्यापुढे उघडा ठेवला पाहिजे. एका शिक्षिकेला नोंदणीकृत अभ्यासक्रमासाठी दोन वर्षे रजा, तिच्या जागी बदली शिक्षिका, प्रवास आणि परीक्षाशुल्क. सर्व शिक्षकांना, स्वयंपाकिणींना आणि शिपायांना दर दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तीन-तीन दिवस, एखाद्या जाणत्या व्यक्तीच्या समोर, प्रत्यक्ष मुलांसह. बोर्दोच्या आर्चबिशपांनी सिकार ह्यांना पॅरिसला धाडले तेव्हा त्यांच्यापुढेही वाटखर्चाचा प्रश्न असणारच. धर्मप्रांताच्या शाळांनी मिळून हा खर्च वाटून घेतला तर एका शाळेच्या वाट्याला किती येईल, ह्याचा आकडा येत्या शैक्षणिक वर्षाच्या अंदाजपत्रकात मांडावा, अशी आमची सूचना आहे.